वईवरचा वांझ वेल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुमच्याशी कारल्याविषयी बोलणार आहे. 'कारले' हा शब्द ऐकल्याबरोबर काही घरांतून रेडिओचा आवाज कमी झाला असेल, याची मला कल्पना आहे. लहानपणी मीही तेच केले असते. पण मला बोलायचे आहे ते भाजीबद्दल कमी आणि कारल्याच्या घराण्याबद्दल जास्त. या घराण्याशी माझी ओळखही कारल्यामुळे झाली नाही, ती झाली त्याच्या रानातल्या भावंडामुळे.

आमचे घर मालवण तालुक्यात तोंडवलीला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, मध्ये माडांची पट्टी आणि वर चढून गेले की कातळाचा सडा. आमच्या परसाला तेव्हा चिऱ्याची भिंत नव्हती, वई होती. शेर, निगडी आणि त्यावर दरवर्षी टाकलेले काटे. पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत या वईतून वेल वर यायचे. कोणी बी पेरलेले नसायचे. जमिनीत कांदा असायचा, तोच उन्हाळाभर झोपून पावसाला जागा व्हायचा. श्रावणाच्या आसपास वेलांना हिरवी, मऊ काट्यांची, अंड्याएवढी फळे लागत. आम्ही त्यांना फागलां म्हणतो. देशावर तीच कर्टुली, मुंबई-ठाण्याकडे कंटोळी. ओले खोबरे घालून केलेली फागलांची भाजी असली की आमच्याकडे ताटात माशाची आठवण निघत नसे. मालवणी माणसाच्या तोंडून याहून मोठी स्तुती होत नाही!

या वेलांपैकी एक वेल मात्र आजीच्या डोळ्यांत सलत असे. सगळ्यांत जोमदार तोच, फुलांनी भरून जाणारा तोच, पण फळ कधी एक नाही. आजी काकाला म्हणायची, "झिला, तो येल वांझ आसा. नुसती फुलां येतत, फळ एक नाय. कित्याक जागा अडवन् ठेवलंस?" एका वर्षी काकाने तो वेल कांद्यासकट खणून काढला. त्या पावसाळ्यात फागलां थोडी कमी आली. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी आपल्या बाजूची वई साफ केली, आणि मग आमच्या वेलांवर एकही फळ धरेना. फुले येत, फुलाखाली बारीकशी काटेरी गाठ दिसे, दोन दिवसांनी ती पिवळी पडून गळून जाई. आजीने नजर काढली. वेलाच्या बुडाशी राख घातली, शेणखत घातले. काही उपयोग झाला नाही.

उत्तर मला मिळाले ते कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या वर्गात. फळ्यावर सरांनी नाव लिहिले होते, 'मोमोर्डिका डायोइका'. डायोइका म्हणजे दोन घरांची. या जातीत नर फुले एका वेलावर आणि मादी फुले दुसऱ्या वेलावर. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्गने ही वनस्पती पाहून तिला हे नाव दिले आणि १८०५ साली जर्मनीत विल्डेनोने ते छापून प्रसिद्ध केले. म्हणजे आमच्या घरात जो घोटाळा झाला, त्याचा उलगडा आजीच्या जन्माच्या कितीतरी आधी एका शब्दात होऊन बसला होता. फक्त तो शब्द लॅटिनमध्ये होता आणि तोंडवलीपर्यंत पोचला नव्हता.

सुटीत घरी गेल्यावर मी आजीला समजावून सांगितले, की तो वेल वांझ नव्हता, तो नर होता. आजी क्षणभर गप्प राहिली आणि मग खो-खो हसली. "म्हणजे तो घोव होतो म्हण! आनी आमी तेका वांझ म्हणान उपटून टाकलां!" वांझ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाईच येते. इथे तो शब्द सोसला एका पुरुषाने, ही गोष्ट आजीला फार आवडली असावी. तिने ती गावभर सांगितली. काकाला मात्र सड्यावर जाऊन 'घोव' शोधून आणावा लागला. भादव्यात चार वेलांची फुले पाहून, फुलाखाली गाठ नसलेला एक वेल हेरून त्याने खूण करून ठेवली, आणि वेल सुकल्यावर त्याचा कांदा आणून वईत लावला. पुढच्या पावसाळ्यात फागलां पुन्हा ताटात आली.

या जातीची आणखी एक गंमत आहे. तिची फुले उमलतात तिन्ही सांजेला. त्यांना मंद सुवास असतो आणि परागकण इकडून तिकडे नेतात ते रात्री फिरणारे पतंग. आपण दिवसा वेलाकडे पाहतो, मधमाश्या शोधतो, आणि खरा व्यवहार होतो तो आपण दिवा लावून आत गेल्यावर.

कारल्याचे तसे नाही. कारल्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुले येतात, सकाळी उमलतात आणि मधमाश्या आपले काम करतात. नर फुले आधी येतात आणि मादीपेक्षा कितीतरी जास्त येतात, म्हणून नवखा बागाईतदार पहिले काही दिवस घाबरतो. पण थोडा धीर धरला की फळ धरतेच. माझ्या मते कारल्याचा सगळा इतिहास या एका फरकात आहे. एक वेल लावला तरी जो फळतो, तो माणसाच्या अंगणात आला. ज्याला लग्न जमवावे लागते, तो वईवर आणि रानात राहिला. अर्थात एवढेच कारण नाही. फागलांच्या बियांना लवकर रुजण्याची सवय नसते, रुजल्या तरी फूल येईपर्यंत नर कोण आणि मादी कोण हे कळत नाही. शेतकऱ्याने इतकी अनिश्चितता का पत्करावी?

'मोमोर्डिका' हे घराण्याचे नाव चावणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कारल्याची बी पाहा, कडा अशा कुरतडलेल्या असतात की जणू कोणी चावून टाकली आहे. लिनियसने १७५३ साली कारल्याचे नाव या घराण्यात नोंदवले. जगात या घराण्याच्या साठाच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत. कर्टुल्याच्या शाखेचा पूर्वज सुमारे १ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तिकडून आशियात पोचला, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाचे अनुमान आहे. कारले ही वेगळी शाखा. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही जुळत नाही, कारल्याची २२ आणि कर्टुल्याची २८. त्यामुळे वईवर दोन्ही वेल एकमेकांत गुंतले तरी त्यांचा संकर होत नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे काळ्या जमिनीत येणारी कडवंची हीदेखील याच घराण्यातली, तिचाही जमिनीत कांदा असतो.

मग कारल्याचा जवळचा रानटी नातलग कोणता? तोही आपल्याकडेच आहे. कुंपणावर, नदीकाठच्या झुडपांत दोन-तीन इंचांची, फुगीर, टोकदार, जहरी कडू कारली दिसतात. पिकली की नारिंगी होऊन तीन पाकळ्यांत उलतात आणि आत लालभडक गरात बिया दिसतात. बुलबुल तो गर खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. हे रानटी कारले आणि आपल्या मांडवावरचे कारले ही एकाच जातीची दोन रूपे. त्यांचा संकर अगदी सहज होतो. २०२० साली कारल्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या अनुमानानुसार रानटी कारले आणि दक्षिण आशियातले लागवडीचे कारले सुमारे ६००० वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि आग्नेय आशियातली लांब, गुळगुळीत गाठींची कारली आपल्याकडच्या कारल्यांपासून फुटली ती जेमतेम ८०० वर्षांपूर्वी. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. भात, गहू यांच्या बाबतीत माणसाने काही ठरावीक गुण निवडले आणि बाकीचे मागे पडले. कारल्यात असा तडकाफडकी बदल झालेला दिसत नाही. माणूस त्याला हळूहळू, रेंगाळत माणसाळवत राहिला. कोणाला कडू हवे, कोणाला कमी कडू, कोणाला हिरवे, कोणाला पांढरे. कुंपणावरचा नातलगही परागकण पाठवत राहिला. घराशी संबंध पूर्ण तुटला नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना हे दोन प्रकार माहीत होते. सुश्रुतसंहितेच्या भाज्यांच्या यादीत कारवेल्लक आहे आणि त्याच्या शेजारी कर्कोटकही आहे. याच कर्कोटकाशी आपल्या 'कर्टुले' शब्दाचे नाते आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तर मोठ्या फळाचे ते कारवेल्ल आणि लहान फळाची ती कारवेल्ली, असा स्पष्ट भेद केला आहे. लहान कारली आणि मोठी कारली यांना वेगळी नावे देणारा माणूस बाजारातून भाजी आणणारा नसावा. तो कुंपणाजवळ उभा राहून पाहणारा असावा.

असा एक पाहणारा गट कोकणी माणसांचाही होता, आणि त्यांची आठवण आपण फारशी काढत नाही. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करवला, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. त्यात ७४२ वनस्पती आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचा समाज गोव्याहून कोचीनला जाऊन स्थायिक झालेला. या तिघांनी १६७५ साली दिलेले कोकणीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापले आहे. शिवाजी महाराजांच्या हयातीत, ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात, नागरी लिपी! आठव्या खंडात कारल्यांची चित्रे आहेत, पांडी-पावल आणि नुसती पावल. 'पावल' म्हणजे मल्याळीत कारले. लिनियसच्या पिढीने भारतातल्या अनेक वनस्पती ओळखल्या त्या या चित्रांवरून. डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्चून या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००३ साली आला. तोवर ज्या वैद्यांच्या ज्ञानावर हे पुस्तक उभे होते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ते वाचताही येत नव्हते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) आमचा धर्मग्रंथ. हा कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य आणि मुळात इंजिनिअर, पण त्याच्या पुस्तकावाचून पश्चिम महाराष्ट्रात वनस्पती ओळखणे अवघड. एकदा सहलीत एका विद्यार्थिनीने घाटातून कर्टुल्याचा वेल आणला. फुले मोठी, झगझगीत पिवळी. तिने सांगितले, "सर, ही सकाळीच उमललेली होती." मी म्हणालो, "अगं, काल संध्याकाळची राहिली असतील." वेल दाबून, वाळवून कागदावर चिकटवला आणि त्याखाली माझ्या हस्ताक्षरात 'डायोइका' लिहिले. २००७ साली के. जोसेफ जॉन आणि व्ही. टी. अँटनी यांनी पश्चिम घाटातली नवी जात जाहीर केली, 'मोमोर्डिका सह्याद्रिका'. मोठी पिवळी फुले, उमलण्याची वेळ पहाटे-सकाळी. तो शोधनिबंध वाचताना मला त्या मुलीचा चेहरा आठवला. सह्याद्रीच्या नावाची वनस्पती सह्याद्रीतच माझ्या हातात आली होती, सांगणारी समोर उभी होती, आणि मी पुस्तकावर विश्वास ठेवला. तो कागद मी नंतर शोधला, वाळवीने खाल्ला होता.

आजी वांझ म्हणाली आणि मी डायोइका म्हणालो. फरक काय, तर तिने निदान वेल रोज पाहिला होता.

लागवडीकडे वळतो. भोंडल्यातले कारल्याच्या वेलाचे गाणे तुम्हाला आठवत असेल. सून माहेरी जायला निघते आणि सासू एकामागून एक अटी घालत जाते. बी लाव, कोंब येऊ दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर. मी एकदा हिशोब केला. कारल्याच्या पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत ५५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे नवरात्रात अट घातली, तर सूनबाईंची दिवाळी सासरीच. सासूला शेती चांगली माहीत होती!

कोकणात पावसाळी कारले घरापुरते आणि भात काढल्यानंतर विहिरीच्या पाण्यावरचे बाजारासाठी. वेल मांडवावर चढवला की फळ सरळ वाढते, जमिनीला टेकून कुजत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तारा' ही जात दिली, राहुरीच्या विद्यापीठाने 'हिरकणी', 'फुले ग्रीन गोल्ड' या जाती दिल्या. फळमाशी हा कारल्याचा मोठा शत्रू. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि आतून अळी फळ पोखरते. गंधाने नर माश्यांना ओढून घेणारे सापळे आल्यापासून फवारणी कमी करता येऊ लागली, हे चांगले झाले. आता बहुतेक मांडवांवर पाकिटातले संकरित बी असते. एकसारखी फळे, चांगला भाव. शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण संकरित फळातले बी धरून पुढच्या वर्षी तेच पीक मिळत नाही, आणि परसातले जुने बी राखेत घोळवून मडक्यात ठेवणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या.

मधुमेहाचा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. कारल्यात रक्तातली साखर कमी करू शकणारे घटक आहेत. त्यांतल्या एका प्रथिनावर भारतीय संशोधकांनी १९८१ मध्येच काम प्रसिद्ध केले. पण माणसांवर झालेल्या चाचण्यांचा २०१२ साली जो कॉक्रेन आढावा झाला, त्याने पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. भाजी जरूर खा. रसासाठी डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका.

फागलांच्या लागवडीला मात्र आता कुठे सुरुवात झाली आहे. छत्तीसगडच्या कृषी विद्यापीठाने 'इंदिरा कांकोडा' ही जात काढली. कांद्यापासून लावायचे, आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवायचा आणि जमले तर संध्याकाळी हाताने परागण करायचे, अशी पद्धत बसते आहे. ६००० वर्षे कारल्याला मिळाली, फागलांना पन्नासही झाली नाहीत. मालवणच्या बाजारात पावसाळ्यात जी फागलां येतात, ती बहुतेक रानातलीच. कोवळीच खुडायची असल्यामुळे बी पिकायला शिल्लक राहत नाही. तरी कांदा जमिनीत आहे तोवर वेल येत राहतो. कांदाच गेला तर?

आणि कांदा जाण्याची कारणे वाढली आहेत. वईच्या जागी चिऱ्याची भिंत येते. पाया खणताना जेसीबी वर्षानुवर्षांचे कांदे एका तासात उलथून टाकतो. रस्त्याकडेला तणनाशक मारतात. कातळाला सरकारी कागदात पोटखराबा म्हणतात, म्हणजे तिथे काही नाही असे समजायचे. २०१० नंतरच्या दशकात सी-वर्ल्ड प्रकल्पासाठी तोंडवली-वायंगणीच्या जमिनीचे नाव पुढे आले, गावकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला, बरीच वर्षे तो वाद पेपरांतून गाजला. त्या वादाच्या खोलात मी आज जात नाही. एवढेच म्हणतो, की त्या चर्चेत किती एकर आणि किती रोजगार हे मी अनेकदा वाचले. सड्यावर पावसात काय उगवते, याची यादी माझ्या वाचनात आली नाही. काकाने 'घोव' आणला होता तो याच सड्यावरून.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. काकाच्या नातवाने परसाला चिऱ्याची भिंत घातली आहे. मागच्या कोपऱ्यात मात्र दोन-तीन वाव वई ठेवली आहे. आम्ही दोघे छत्री घेऊन बघायला गेलो. पाच वेल वर आले होते. चार वेलांच्या कळ्यांखाली बारीक काटेरी गाठी होत्या, म्हणजे मादी. पाचव्याला अजून कळीच नव्हती. मुलगा म्हणाला, "आजोबा, ह्यो आमचो घोव आसात?" मी म्हटले, फूल येईपर्यंत सांगता येत नाही. त्याने घरातून एक काठी आणली, त्या वेलाच्या बुडाशी रोवली आणि वर लाल चिंधी बांधली, गडी कोयता घेऊन येतील तेव्हा दिसावी म्हणून. चार दिवस राहिलो. रोज तिन्ही सांजेला बॅटरी घेऊन बघत होतो. मी निघालो तोवर कळी धरली नव्हती.